थायरॉईडची पहिली रक्ततपासणी : चिठ्ठी हातात पडल्यापासून पुढच्या तारखेपर्यंत

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘टीएसएच’ नाहीतर ‘थायरॉईड प्रोफाइल’ लिहून दिलं की लॅबच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, उपाशीपोटी लागतं का?’ नाशिकमध्ये एकोणीस वर्षं मी रक्ताची सॅम्पलं घेतली. हा प्रश्न हजारो वेळा ऐकला असेल. पण ज्या गोष्टींनी थायरॉईडचा रिपोर्ट खरोखर इकडचा तिकडे होतो, त्या फार थोडी माणसं विचारतात. गोळी कधी घेतली, मागच्या महिन्यात ताप येऊन गेला का, केसांसाठी काही चालू आहे का, हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही आणि गर्दीत आम्हीही कधी कधी विचारायचे राहतो. पहिल्यांदाच तपासणी करणाऱ्यांसाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

आधी हाक आणि ओ समजून घ्या

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती दोन हार्मोन तयार करते, टी-४ आणि टी-३. टी-४ जास्त बनतं आणि शरीरात ठिकठिकाणी त्याचं टी-३ होतं. प्रत्यक्ष काम मुख्यतः टी-३ करतं. टीएसएच मात्र थायरॉईडमधून येत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉईडला ‘काम कर’ म्हणून सांगतं.

घरात आपण कुणाला हाक मारतो आणि ओ आली नाही की आपोआप आवाज चढतो. टीएसएच ही हाक आणि टी-४ ही ओ. थायरॉईड मंदावली, ओ क्षीण झाली, की हाक मोठी होते, म्हणजे टीएसएच वाढतो. थायरॉईड जास्तच काम करू लागली की हाक मारायची गरजच उरत नाही आणि टीएसएच खाली जातो. म्हणून टीएसएच वाढलेला दिसला तर ‘थायरॉईड वाढलं’ असं समजू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ थायरॉईडचं काम कमी पडतंय असा असतो. इथे घोळ होतो आणि लोक इंटरनेटवर नेमकं उलट्या आजाराचं वाचत बसतात.

चिठ्ठीवर काय लिहिलंय ते नीट वाचा

‘टीएसएच’ एकटा लिहिला असेल तर ती चाळणी आहे. बहुतेकांची सुरुवात एवढ्यावर भागते. तो बिघडलेला आला तर डॉक्टर फ्री टी-४ सांगतात.

‘टी-३, टी-४, टीएसएच’ हे आपल्याकडचं नेहमीचं त्रिकूट. यातले टी-३ आणि टी-४ बहुधा ‘टोटल’ असतात, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं हार्मोनही त्यात मोजलं जातं. जवळजवळ सगळं हार्मोन असं चिकटलेलंच असतं. मोकळं, म्हणजे ‘फ्री’, शंभरात एक टक्काही नसतं आणि पेशींच्या उपयोगाचं तेच. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिनं वाढतात, त्यामुळे थायरॉईड ठणठणीत असूनही टोटल टी-४ चढलेलं दिसतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी मोठ्या पॅकेजपेक्षा टीएसएच आणि फ्री टी-४ या दोन आकड्यांतून डॉक्टरांना जास्त कळतं. टी-३ची खरी गरज थायरॉईड जास्त काम करत असल्याचा संशय असेल तेव्हा.

‘अँटी-टीपीओ’ लिहिलं असेल तर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईडवर उलटली आहे का ते त्यातून समजतं. ही तपासणी बहुधा एकदाच पुरते. दर वेळी करून घ्यायची गरज नसते.

एक अपवाद लक्षात ठेवा. बिघाड पिट्यूटरीतच असेल, उदाहरणार्थ बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन त्या ग्रंथीला इजा झाली असेल, तर हाक मारणाराच आजारी असतो. अशा वेळी टीएसएच नॉर्मल दिसूनही टी-४ कमी असू शकतो. अशी काही हकीकत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

तपासणीच्या आधीचे दिवस

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल.

केसगळतीसाठी, नखांसाठी, त्वचेसाठी ज्या गोळ्या किंवा गमी मिळतात त्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, कित्येकदा पाच ते दहा मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या शेकडो पट. थायरॉईड मोजण्याच्या बऱ्याच किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन यांची घट्ट पकड डिंकासारखी वापरलेली असते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की तो डिंक भलतीकडेच खर्च होतो. मग टीएसएच खोटा कमी येतो, टी-३ आणि टी-४ खोटे जास्त येतात, आणि कागदावर थायरॉईड जोरात चालल्याचं चित्र उभं राहतं. कॉलेजात शिकणारी एक मुलगी असाच रिपोर्ट घेऊन रडत आली होती. हात थरथरत नव्हते, नाडी शांत, वजन जागच्या जागी. तिच्या आईने पर्समधून केसांच्या गोळ्यांची डबी काढून दाखवली तेव्हा कोडं सुटलं. गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं तर तिन्ही आकडे नॉर्मल. म्हणून निदान दोन दिवस आधी अशा गोळ्या थांबवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. डॉक्टरांनीच मोठ्या डोसमध्ये बायोटिन दिलं असेल तर किती दिवस थांबवायचं ते त्यांनाच विचारा.

दुसरी गोष्ट आजारपणाची. मोठा ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन यांच्या काळात शरीर थायरॉईडचे आकडे आपणहून खाली-वर करतं. बरं होत असताना तर टीएसएच काही दिवस चांगलाच चढतो. पावसाळ्यात नाशिकमध्ये डेंग्यू-चिकुनगुनियाची साथ असली की असे रिपोर्ट हमखास दिसतात. माझ्या जाऊबाईंना थायरॉईडची, म्हणजे टी-४ हार्मोनची, ७५ मायक्रोग्रॅमची गोळी वर्षानुवर्षं व्यवस्थित लागू होती. डेंग्यूतून उठल्या आणि पंधरा दिवसांत नेहमीची तपासणी करून घेतली. टीएसएच वाढलेला निघाला, गोळी १००ची झाली. नुकताच डेंग्यू होऊन गेल्याचं डॉक्टरांना आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांत त्यांची झोप उडाली, छातीत धडधड व्हायला लागली, जिना चढताना दम लागू लागला. पुन्हा रक्त तपासलं तर टीएसएच पार तळाला गेलेला. गोळी परत ७५ची केल्यावर हळूहळू सगळं जागेवर आलं. तातडीचं कारण नसेल तर मोठ्या आजारानंतर साधारण सहा आठवडे थांबून तपासणी करा. थांबणं शक्य नसेल तर आजाराची तारीख डॉक्टरांना सांगा.

बाकीची औषधंही चिठ्ठीवर लिहून न्या : स्टेरॉईड, लिथियम, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन. अलीकडे रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर तेही, कारण त्या द्रव्यात आयोडीन असतं.

वेळ आणि पोट

आता तो ठरलेला प्रश्न. थायरॉईडच्या तपासणीला उपाशीपोटी असणं बंधनकारक नाही. सोबत फास्टिंग शुगर असेल, किंवा कोलेस्टेरॉल लिहून देताना डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलं असेल, तर ते त्या तपासण्यांसाठी. निफाडकडच्या एक मावशी पहिल्या एसटीने यायच्या. आदल्या संध्याकाळी सातला जेवलेल्या, त्यानंतर पाण्याचा घोटही नाही. रक्त घेऊन झालं की चक्कर येऊन बाकावर आडव्या व्हायच्या. चिठ्ठीवर फक्त टीएसएच असायचा. चार वेळा असं झाल्यावर मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि सांगितलं की पुढच्या वेळी भाकरी खाऊन या, आणि पाणी तर कुठल्याही रक्ततपासणीला प्यायचंच. शरीरात पाणी असलं की शीरही पटकन सापडते.

पोटापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी सगळ्यात खाली असतो. एकाच माणसाचा सकाळी आठचा आणि दुपारी तीनचा आकडा सहज वेगळा येतो. पहिली तपासणी सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान केलीत तर पुढच्या सगळ्या त्याच वेळेला करा. नाष्टा करून गेलात तर दर वेळी करूनच जा. दोन रिपोर्टांची तुलना करायची तर दोन्ही दिवस एकसारखे हवेत.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी खास सूचना. पाळी संपवून तसेच लॅबमध्ये येऊ नका. जागरणाने टीएसएच वाढतो. दिवसपाळीच्या आठवड्यात, रात्रीची झोप नीट झाल्यावर या.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर

त्या सकाळी गोळी रक्त दिल्यावर घ्या. गोळी घेतल्यावर पुढचे काही तास फ्री टी-४ वर गेलेलं असतं, त्यामुळे डोस आहे त्यापेक्षा जास्त वाटू शकतो. छोट्या डबीत गोळी सोबत न्या, रक्त दिल्यावर तिथेच पाण्याबरोबर घ्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने चहा-नाष्टा करा. तपासणी आहे म्हणून त्या दिवशीची गोळी बुडवू मात्र नका.

लॅब निवडताना आणि खुर्चीत बसल्यावर

कॅनडा कॉर्नर, गंगापूर रोड, मुंबई नाका या भागांत हाकेच्या अंतरावर लॅब आहेत. सरकारीत जायचं तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, किंवा शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली सेवा ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहे. केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवायचं आणि लिहून दिलेली तपासणी त्या दिवशी तिथे होते आहे का ते विचारायचं. महापालिकेची बिटको आणि झाकीर हुसेन ही रुग्णालयं वेगळ्या यंत्रणेची, तिथले नियम तिथेच विचारा.

खासगी लॅबमध्ये दर आधी विचारा, त्यात संकोच कसला? एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ, त्याची मान्यता आहे का पाहा. रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही असायला हवी. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१७ मध्ये तसं स्पष्ट केलेलं आहे. आणि एकदा लॅब ठरली की शक्यतो तीच ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीन आणि किटवर तेच रक्त थोडं वेगळं मोजलं जातं. इथे ४.२ आणि तिथे ४.९ आला म्हणजे आजार बळावला असं नव्हे.

रक्त घेणं दोन मिनिटांचं काम आहे. दंडाला पट्टा, मूठ बंद, स्पिरिटचा बोळा, एक बारीक टोच. थायरॉईडसाठी लाल किंवा पिवळ्या झाकणाचा बल्ब, म्हणजे रक्त भरायची छोटी नळी, लागतो. जांभळ्या झाकणाचा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याचा, आणि राखाडी शुगरचा. बल्बवर तुमचं नाव आणि वय लिहिलेलं आहे का हे खुर्चीतून उठायच्या आधी बघा. नाव सारखं असलेली दोन माणसं एकाच सकाळी येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही असं तपासलंत तर आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. नंतर बोळा पाच मिनिटं दाबून धरा, चोळू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आणखी थोडा वेळ. घरी येऊन सॅम्पल नेणार असतील तर ते लॅबमध्ये किती वाजता पोचणार ते विचारून घ्या.

बल्बमधलं रक्त गोठायला अर्धा तास ठेवतात, मग मशीनमध्ये गरगर फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं करतात. हार्मोनला चिकटणारी प्रतिद्रव्यं त्यात मिसळून, निघालेल्या मंद प्रकाशावरून मशीन आकडा काढतं. या मोजणीचा पाया अमेरिकी शास्त्रज्ञ रोझलिन यालो यांनी सहकारी बर्सन यांच्यासोबत घातला. तेव्हा प्रकाशाऐवजी किरणोत्सर्ग वापरत असत. यालोंना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. त्याआधी डॉक्टर रोग्याचा श्वास मोजून, शरीर प्राणवायू किती वापरतं यावरून थायरॉईडचा अंदाज बांधत.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट मोबाईलवर येतो, ठळक अक्षरात एक आकडा आणि शेजारी ‘हाय’. तिथे काळजाचा ठोका चुकतो. शांतपणे बसा आणि आधी नाव, वय, तारीख आणि सॅम्पल घेतल्याची वेळ बघा.

मग टीएसएच. मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ ही नेहमीची मर्यादा, पण त्याच कागदावर छापलेली लॅबची रेंजच खरी धरायची. वय वाढलं की टीएसएच थोडा वर सरकतो, त्यामुळे पंचाहत्तरीच्या आजींचा ५.५ आणि पंचविशीतल्या मुलीचा ५.५ यांचा अर्थ एक नाही. दशांश चिन्ह नीट वाचा. ०.०५ला ५ समजून घाबरलेलीही माणसं मी पाहिली आहेत आणि ०.०५ वाचूनही ‘कमी आहे, चांगलंच की’ म्हणून निवांत राहिलेलीही. या निवांत राहणाऱ्यांची काळजी मला जास्त वाटते.

एककांचाही गोंधळ होतो. टीएसएच ‘मायक्रो आययू प्रति मिली’ लिहिला काय किंवा ‘मिली आययू प्रति लिटर’ लिहिला काय, आकडा तोच. फ्री टी-४चं तसं नाही. ते ‘नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर’मध्ये १.२ असेल तर ‘पिकोमोल प्रति लिटर’मध्ये १५च्या आसपास दिसतं. लॅब बदलल्यावर हे तपासल्याशिवाय हबकू नका.

आकड्यांच्या जोड्या कशा वाचतात ते सांगते, गोळी स्वतः ठरवण्यासाठी नव्हे, डॉक्टरांचं बोलणं कळावं म्हणून. टीएसएच ४०, फ्री टी-४ कमी : थायरॉईड कमी पडतंय, गोळी लागणार. टीएसएच ६ किंवा ७, फ्री टी-४ नॉर्मल : ओ अजून येतेय, पण हाक जरा चढली आहे. अशा वेळी डॉक्टर बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात, कारण कित्येकांचा टीएसएच आपणहून खाली येतो. त्यांनी ‘थांबू या’ म्हटलं तर ते दुर्लक्ष करताहेत असं समजू नका. तो १०च्या वर राहिला तर बहुधा औषध सुरू होतं. टीएसएच ०.०१ आणि टी-३, टी-४ चढलेले : थायरॉईड जोरात आहे. यात डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नका, विशेषतः धडधड, हाताला कंप किंवा झपाट्याने वजन उतरणं असेल तर.

दिवस राहिलेल्या बाईचे नियम वेगळे. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच एरवीपेक्षा खालीच असतो आणि रेंजही वेगळी लावतात. आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका. बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीचे काही महिने आईच्याच हार्मोनवर चालते आणि डोस बहुधा वाढवावा लागतो. गोळी मनाने बंद करणं तर अजिबात नको. बाळ जन्मल्यावर त्याचीही टीएसएच तपासणी झाली का हे प्रसूतिगृहात विचारून घ्या.

गोळी सुरू झाली, मग पुढची तपासणी कधी?

सहा ते आठ आठवड्यांनी. गोळीतलं टी-४ रक्तातून निम्मं व्हायला सुमारे सात दिवस घेतं, त्यामुळे नवा डोस स्थिरावायला दीड महिना लागतो. पंधरा दिवसांत तपासलेला टीएसएच अर्ध्या वाटेवरचा असतो. डोस बसला की पुढे सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर म्हणतील तसं.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. सकाळचा पहिला चहा लांबवणं आपल्याकडे जिवावर येतं हे मला ठाऊक आहे, पण चहा-कॉफीने गोळी नीट शोषली जात नाही. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर ठेवा. डबी गॅसच्या ओट्यावर किंवा खिडकीत ठेवू नका. एप्रिल-मेमधल्या नाशिकच्या उन्हाने गोळीची ताकद कमी होते. थायरोनॉर्म असो की एल्ट्रॉक्सिन, ज्या कंपनीची गोळी लागू पडली आहे ती मेडिकलवाल्याने बदलून दिली तर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि गोळ्या चुकल्या असतील तर खरं सांगा. महिनाभर विसरून शेवटचे चार दिवस नेमाने घेतल्या की फ्री टी-४ बरा दिसतो, पण टीएसएच चढलेलाच राहतो. तो मागच्या दीड महिन्याची हजेरी दाखवतो. तुम्ही सांगितलं नाहीत तर डॉक्टर डोस वाढवतील आणि नेमाने घ्यायला लागलात की तोच डोस जास्त होईल.

जास्त थायरॉईडसाठी कार्बिमॅझोल घेणाऱ्यांनी एवढं पाठ करून ठेवा : घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि सीबीसी करून घ्या. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत उतरतात.

जाऊबाई आता शंभर पानी वही ठेवतात. रिपोर्टच्या झेरॉक्स मागे चिकटवलेल्या, पुढे त्यांच्या अक्षरात एकेक ओळ. शेवटची अशी : ‘१२ जानेवारी. सकाळी आठ. गोळी नंतर घेतली. दोन महिन्यांत ताप नाही. कॅल्शियम रात्री. ७५ची. टीएसएच २.८.’ त्याखाली पुढच्या तपासणीची तारीख लाल पेनने लिहिलेली आहे.